रेडिएटरवरचे साहेब

मी भिवराबाई. केज तालुक्याच्या दूध संघाची डायरेक्टर. हसू नका, खरंच होते. बायांची एक जागा राखीव होती, तितं आमच्या गटाचे पुढारी सुंदरराव, त्यांनी माझं नाव घातलं. कावून घातलं? तर नवरा वारलेला, पोरगा ऊसतोडीला गेलेला, अन् बाई मिटिंगला तोंड उघडत न्हाई म्हणून. दोन वर्सं मी निसत्या सह्या ठोकल्या.

तेरा सालच्या दुष्काळात चेअरमनची निवड लागली. डायरेक्टर अकरा. सहा सुंदररावांकडचे, पाच त्रिंबकरावांकडचे. आमच्यातलं कुणी फुटू नाही म्हणून सुंदररावांनी आमाला आठ दिस आधीच उचललं अन् कोकणात नेऊन ठिवलं. ह्याला आमच्याकडं सहल म्हणतेत. मतदानाच्या दिशी सकाळी परत आणायचं अन् सरळ हापिसात नेऊन सोडायचं, जनावर बाजारात सोडतेत तसं.

मी निघाले तवा माझी सून सत्यभामा बाळंत होऊन चारच दिस झालते. तिला आई न्हाई, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. शेजारच्या साखराबाईच्या भरवशावर लेकरू अन् बाळंतीण टाकून गेले मी. जीव तुटत होता. पण सुंदरराव म्हणालते, "भिवराबाई, मी चेअरमन झालो की तुमच्या वस्तीवर रोज टँकर." तवा टँकर आठव्या दिशी यायचा अन् घरटी दोन घागरी मिळायच्या. प्यायलाच पुरायच्या न्हाईत. बाळंतीण ओल्या फडक्यानं अंग पुसायची. अंगाला लई वास यायलाय म्हणून लेकराला जवळ घ्यायला लाजायची ती.

कोकणात मला समुद्र दाखवला. बाई गं, इतकं पाणी, अन् चूळ भरायच्या कामाचं न्हाई! लॉजवरचं पाणी मात्र गोड. नळ सोडला की धो धो पडायचं, बंद केला तरी टिपकायचं. खोटं कशाला बोलू, त्या नळाखाली हात धरून मी रडले. निघायच्या दिशी ड्रायव्हर मुंजाजीकडनं वीस लिटरचा रिकामा कॅन घेतला, चारदा धुतला अन् काठोकाठ भरला. दुसऱ्या दिशी सुनेचा बारावा दिस. तिला डोक्यावरून न्हाऊ घालायचं, लेकराला घालायचं, एवढंच डोस्क्यात होतं. बाकीच्यांनी काजू घेतले, कोकम घेतलं. मी पाणी घेतलं. लई हसले मला.

गाडी म्हंजे सुंदररावांची जुनी मेटाडोर. आत दोन पलंग, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात गॅसची शेगडी. सगळे तिला घरगाडी म्हणायचे. आधी प्रचारात साहेब तिच्यात झोपायचे. आता साहेबांना एसीची गाडी झाली, तर घरगाडी आमाला. साहेब पुढं गेले अन् आमी पाच डायरेक्टर मागनं. कॅन मी पलंगाखाली ढकलला अन् वर पाय सोडून बसले.

रातभर गाडी चांगली पळाली. घाट चढली, तरी कुरकुर न्हाई. सकाळी पाटोद्याला चहाला थांबलो. तितं सुंदररावांच्या भाच्यानं फ्लेक्स आणून ठिवलता. साहेबांचा हात जोडलेला भला मोठा फोटो अन् खाली लिव्हलेलं, 'चेअरमनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अजून मतदान व्हायचं होतं, बरं का! बंकटनं तो गाडीच्या तोंडावर ताणून बांधला. बंकट बी डायरेक्टरच, पण साहेबांच्या चपला कुठं ठिवल्यात ते साहेबांच्या आधी त्याला ठाव असायचं.

मांजरसुंबा मागं पडलं अन् नेकनूरच्या अलीकडं, उघड्या माळावर, गाडीनं वाफ सोडली. तापाचा काटा लालच्या बी पलीकडं. मुंजाजी खाली उतरला. त्यानं पट्टा दाबून बघितला, चांगला ताठ होता. पाइप बघितले, कुठं गळत नव्हतं. पंखा फिरत होता. टोपण खोलायला गेला तसं मी ओरडले, "थांब रे बाबा, तोंड भाजून घेशील! गार होऊ दे आधी."

बंकट म्हणाला, "बाई, तुमी आत बसा. इंजनातलं काय कळतंय तुमाला?"

मला काय कळतंय? अरे, मालकाला दम्यानं धरल्यावर हिरीवरचं ऑइल इंजन बारा वर्सं मी हँडल मारून चालवलंय. ते कधी तापतं अन् कावून तापतं, हे मला पोराच्या तापावाणी कळतंय. हीर आटली म्हणून ते बंद पडलं, माझं डोस्कं बंद पडलं न्हाई.

मी गाडीच्या पुढं गेले. रेडिएटर पुढच्या जाळीमागं, अन् जाळीवर साहेब! वाऱ्याला आत जायला बोटभर जागा न्हाई. मी मुंजाजीला म्हणाले, "रातभर तापली न्हाई ती आताच कावून तापली? हे फडकं सोड. वारं लागू दे तिला."

मुंजाजी खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, पाटोद्यालाच कळलंय मला. पण सोडू कसं? माझी नोकरी हाय."

बंकटच्या कानावर गेलंच. "काय? साहेबांचा फोटो उतरवायचा? निकालाच्या आधी? अपशकुन करता का बे?" बाकीच्या तिघांनी बी माना हलवल्या. चांगली शिकलेली माणसं, एक तर मास्तर होता! वर सरकवा म्हणाले, तर वर काच. बाजूला सरकवा म्हणाले, तर साहेबांचा अर्धा चेहरा दुमडतो. मग न्हाईच म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. अकराला मतदानाचं दार लावतेत, उडत या. बंकटनं सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या, तळाशी घोट घोट पाणी. रस्त्याकडच्या हॉटेलवाल्यानं प्यायला सुदिक दिलं न्हाई. मग बंकटची नजर पलंगाखाली गेली.

मी कॅनवर जाऊन बसले. म्हणाले, "माझ्या बाळंतिणीच्या न्हाण्याचं हाय ते. हात लावू नका."

"भिवराबाई, एका कॅनचं काय घेऊन बसलात? साहेब निवडून आले की दारात टँकर उभा राहील. पोचलोच न्हाई तर कसला टँकर अन् कसलं काय?"

खरंच तर होतं. मी उठले. आजबी त्या उठण्याचा मला राग येतो.

पहिल्यांदा सात-आठ लिटर गेलं. गाडी पाच-सहा मैल चालली अन् परत उकळली. परत ओतलं. मी हात जोडले, "आता तरी सोडा रे ते, सगळं पाणी जाईल माझं." बंकट म्हणाला, "झालंच की, आलंच केज." तिसऱ्यांदा त्यानं कॅन उपडा धरून बुडावर थापा मारल्या, थेंब राहू नाही म्हणून. कोकणचं गोड पाणी केजच्या रस्त्यावर वाफ होऊन गेलं. अन् साहेब पुढं हात जोडून हसत होते.

अकराला पाच कमी असताना पोचलो. सुंदरराव दारात उभे. "कशापायी उशीर झाला?" बंकट म्हणाला, "काय न्हाई साहेब, गाडी जरा तापली. पण फोटो उतरवू दिला न्हाई मी." साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी रिकामा कॅन घेऊन तितंच उभी होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं बी न्हाई.

आत चिठ्ठी हातात आली. टँकर डोळ्यापुढं आला. मग वाटलं, ज्याच्या फोटोला घटकाभर खाली घेता येत न्हाई, तो माणूस माझ्या वस्तीपर्यंत खाली येईल व्हय? मी त्रिंबकरावापुढं फुली मारली. तो तरी कोण धुतल्या तांदळाचा? पण त्यानं माझं पाणी सांडलं नव्हतं.

निकाल लागला. त्रिंबकराव सहा, सुंदरराव पाच.

भाईर हाणामारीच लागली. कोण फुटलं? साहेबांनी बंकटची गचांडी धरली, "तूच उशीर करवलास बे!" बंकट रडायला लागला. मास्तरवर संशय घेतला, ड्रायव्हरवर घेतला, ज्याला मतच न्हाई! माझ्यावर कुणीच न्हाई. मी समोर उभी होते. चोर म्हणून बी मला कुणी मोजलं न्हाई.

फ्लेक्स कुणीतरी उपटून रस्त्यावर टाकला. मुंजाजीनं तो झटकून, घडी करून मला दिला. "घ्या मावशी, न्हाणीला आडोसा होईल." मग मला गावात सोडायला त्यानं घरगाडी काढली. रेडिएटरात हापिसाच्या मागच्या हौदातलं गढूळ पाणी घातलं होतं. भर दुपारचं ऊन, पण काटा जागचा हालला न्हाई.

सत्यभामा दारात बसलेली. डोक्याला तेल लावून केस मोकळे सोडलेले, लेकरू मांडीवर. साखराबाईनं चूल पेटवून रिकामं पातेलं शेजारी ठिवलं होतं. मी फोनवर सांगून बसले होते ना, पाणी आणते म्हणून! तिनं आधी कॅनकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

मला तिच्यापुढं उभं राहवेना. काहीतरी करायचं म्हणून न्हाणीच्या चार काठ्यांना फ्लेक्स बांधायला घेतला. फाटक्या लुगड्याचा आडोसा काढला अन् साहेबांना ताणून बसवलं.

सत्यभामा हळूच म्हणाली, "आत्याबाई, त्याचं तोंड भाईर करा. मला लाज वाटती."

मी केलं भाईर. तसं आत बघायला काय होतं म्हणा, पाणीच नव्हतं.