सरुबाईंच्या ओटीतलं वजन

इंदिरानगरातल्या एका छोट्या दवाखान्यात दाराशी जुना वजनकाटा दिसतो ना मित्रांनो, तो मी. कारखान्यात माझी स्प्रिंग बसवली तेव्हापासून मला एकच विद्या येते, खरं सांगायची. तान्ह्या बाळाचं वजन वाढलं की त्याची आई माझ्याकडे कौतुकाने बघे. आता माझा पत्रा गंजलाय, पण पल्लवी डॉक्टरांनी मला अजून मोडीत घातलेलं नाही.

मखमलाबादच्या सरुबाई झेंडू पिकवतात आणि बाजारात स्वतः विकतात. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी त्या दर महिन्याला यायच्या. मी अठ्ठावन्न दाखवलं, मग पंचावन्न, मग बावन्न. त्या खूश! मला मात्र धडकी भरली.

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, जेवण नीट आहे, तरी वजन उतरतंय. पन्नाशीनंतरच्या तपासण्याही तुम्ही कधी केल्या नाहीत. छातीत, काखेत गाठ लागते का हाताला?"

"नाय वो बाई. झेंडू तोडणीला आलाय, दसरा होऊ द्या."

हे बोलताना त्यांचा हात डाव्या काखेकडे गेला. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होत्या. मी पाहिलं.

"पुढच्या वेळी अजून उतरलं, तर मी ऐकणार नाही हं."

पुढच्या महिन्यात सरुबाई माझ्यावर चढल्या आणि त्यांच्या ओटीत खण्णकन वाजलं. फुलं तोलायची एकेक किलोची दोन लोखंडी वजनं! जन्मभर कुणाला मापात फसवलं नाही त्या बाईने, आणि फसवलं ते स्वतःलाच. मी मुकाट्याने बावन्न दाखवलं. "थांबलं बाई उतरायचं," म्हणून डॉक्टर हसल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं.

दसऱ्याच्या बाजारात सरुबाई चक्कर येऊन पडल्या. सून सुवर्णा त्यांना धरून घेऊन आली. तिने ती वजनं माझ्याशेजारी ठेवली.

"बाई, आत्याबाईंनी मागं ही ओटीत घालून वजन केलं व्हतं. आज कबूल झाल्या."

सरुबाई रिकाम्या ओटीने माझ्यावर चढल्या आणि माझा काटा शेहेचाळीसवर थांबला. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "गाठ कधीपासून आहे, मावशी?"

"आखाडापासून," सरुबाई म्हणाल्या. "लय भ्या वाटलं वो."

त्याच दिवशी त्यांना तपासणीला पाठवलं. रिपोर्ट अजून यायचाय. दार वाजलं की माझा काटा थरथरतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना वेळेवर तपासणीला न्या, आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं बोलायला सांगा. मला तोंड नाही, त्यांना आहे. ती दोन वजनं अजून माझ्याशेजारीच पडली आहेत. ती न्यायला सरुबाईच याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.