क्षला एक इंच जास्त

शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, तसे यांनाही म्हणत. पण या मास्तरांनी शाळा सातवीतच सोडली होती, आणि ती कोणामुळे, तर क्षमुळे. हा क्ष म्हणजे नेमका कोण, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही. आता त्यांची मुलगी चौथीत होती. घरात तिला बटण म्हणत. हल्लीच्या शाळांना कसली घाई झालेली असते देव जाणे, तिच्या वहीत क्ष चौथीतच येऊन बसला होता.

गेले दोन महिने गणित अडलं की बटण मामाला फोन लावायची. मामा विमा कंपनीत होता आणि त्याला सगळं यायचं. हे तोच सांगायचा. दुकानामागच्या खोलीतून "हां मामा, हो मामा" ऐकू आलं की मास्तरांच्या हातातली कात्री वाकडी जायची. पोरगी आपली, वही आपल्या पैशाची, आणि विचारायचं मात्र त्या मामाला! एकदा तरी तिनं "बाबा, सांग ना" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी मामाची अक्कलदाढ काढली. फोनवर त्याच्या तोंडून नुसती फुसफुस येत होती. बटणनं फोन ठेवला, आठ गणितांकडे एकवार पाहिलं आणि रडवेली होऊन दुकानात आली.

"बाबा, तुला येतं का रे?"

"येतं म्हणजे काय!" मास्तरांनी ठोकून दिलं. "आण इकडे."

दोन क्ष अधिक चार बरोबर अठ्ठेचाळीस. मास्तरांनी वहीकडे पाहिलं, वहीनं मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांची नजर टेबलावर उसवायला आलेल्या एका शर्टावर गेली आणि डोक्यात उजेड पडला.

"हे बघ, क्ष म्हणजे एक बाही. माप माहीत नाही, कारण गिऱ्हाईक आलंच नाही. अशा दोन बाह्या एकीपुढे एक जोडल्या, टोकाला चार इंचांची पट्टी लावली, सगळं मिळून भरलं अठ्ठेचाळीस. आता एक बाही किती, ते कसं काढशील?"

"उसवून?"

"शाब्बास! पण आधी काय उसवायचं?"

बटणनं पेन्सिल चावली. "पट्टी. ती शेवटी लावली ना."

"झालं तर! शेवटची शिलाई आधी उसवायची. एवढंच आहे ते."

चार गेले, चव्वेचाळीस उरले, त्यांचे दोन सारखे भाग. "बावीस!" बटण ओरडली.

"बावीस ना? मग तेवीस धर," मास्तर म्हणाले आणि पुन्हा कापडाकडे वळले.

यात त्यांचा तरी काय दोष? शिंपी आलेल्या मापाला शिलाईसाठी एक इंच माया सोडतोच, नाहीतर शिवल्यावर कपडा अंगात शिरायचा नाही. तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला झोपेतून उठवून आकडा सांगितला तरी तो त्यात एक मिळवणार. बटणला वाटलं, असेल तसाच नियम. पुढची सात गणितं तिनं एकटीनं उसवली आणि प्रत्येक उत्तरात इमानदारीत एक मिळवला. मास्तर त्या दिवशी शीळ घालत जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून निरोप आला, पालकांनी भेटावं. मास्तर गळ्यातला टेपही न काढता धावले.

बाईंनी टेबलावर बटणची वही ठेवली. आठ लाल फुल्या. मग तिच्यावर दुसरी वही, तिसरी, अशा पाच. एकूण चाळीस फुल्या.

"हिनं शाळा भरायच्या आधी अख्ख्या रांगेला शिकवलं," बाई म्हणाल्या. "पायऱ्या सगळ्यांच्या बरोबर आहेत. परवापर्यंत ज्यांना ओ की ठो कळत नव्हतं, त्यांच्यासुद्धा. आणि उत्तर प्रत्येकाचं एकानं जास्त! हे शिकवलं कोणी? ही काही केल्या सांगत नाही."

बटण मान खाली घालून उभी होती. बापाचं नाव येऊ नये म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं. ते पाहून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी," ते कसंबसं म्हणाले. "ती माया आहे, बाई. शिलाईत जाते."

बाईंना कळायला जरा वेळ लागला. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. मास्तरांना मात्र हसू आलं नाही.

दुकानात आल्यावर मास्तरांनी स्वतःच फोन तिच्यापुढे सरकवला.

"मामाला आता बोलता येत असेल. त्यालाच विचार. माझं चुकतं, बाळा."

बटणनं फोन बाजूला सारला आणि वही उघडली.

"मामाचं उत्तर बरोबर येतं," ती म्हणाली, "पण फोन ठेवला की मला काहीच येत नाही. उसवायचं मात्र येतं. तू इथंच बस. फक्त उत्तर आलं की काही बोलू नकोस."

तीन क्ष अधिक सहा बरोबर एकवीस. तिनं सहा उसवले, पंधराचे तीन भाग केले आणि बापाकडे पाहिलं. "पाच?"

सहा अगदी ओठांवर आला होता. मास्तरांनी घाईघाईनं डबीतल्या चार टाचण्या उचलून दातांत धरल्या आणि जोरजोरानं होकाराची मान डोलावली.