दहा मिनिटं पुढे

मित्रांनो, काडेपेटीएवढा हा जुना जीपीएस नोंदक तुमच्याशी बोलतो आहे. मला पाय नाहीत, तरी पायाला भिंगरी आहे. एका जागी पडून राहिलो की जीव कासावीस होतो.

कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर मी जन्मलो. उपग्रहांचे संदेश ऐकायचे आणि आपण कुठे आहोत ते दर पाच सेकंदांनी, वेळेसकट लिहून ठेवायचं, एवढीच माझी विद्या.

मला एका भूगर्भतज्ज्ञ ताईंनी घेतलं. डोंगरउतारांवरच्या भेगांचे फोटो काढणं हे त्यांचं काम. त्यांच्या कॅमेऱ्याला वेळ कळे, जागा कळत नसे. म्हणून मी त्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला लटकून हिंडायचो. मग संगणक फोटोची वेळ माझ्या नोंदींशी जुळवून प्रत्येक फोटोला त्याची जागा द्यायचा. "ही काडेपेटी आहे म्हणून माझं निभतंय," असं ताई म्हणाल्या की मी फुलून जायचो.

एकदा चार दिवस पाऊस लागून राहिला होता. आम्ही डोंगराखालच्या एका वस्तीत उतरलो. कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरून त्याचं घड्याळ बंद पडलं होतं. ताईंनी विश्रामगृहाच्या भिंतीवरचं घड्याळ पाहून वेळ लावली. नाश्ता वेळेवर व्हावा म्हणून तिथल्या आचाऱ्याने ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं! खरी वेळ मला ठाऊक होती. पण मला तोंड कुठे आहे?

सकाळभर आम्ही दाट धुक्यात उतार पालथा घातला. एके ठिकाणी हात आत जाईल एवढी रुंद भेग सापडली. दुपारी नकाशावर ती पाण्याच्या टाकीच्या वर उमटली. ताईंनी तसं अधिकाऱ्यांना कळवलं. टाकीजवळची माणसं गाठोडी घेऊन शाळेत राहायला निघाली. मी पट्ट्यावर नुसता तळमळत होतो.

तेवढ्यात सोबत आलेले ड्रायव्हरकाका म्हणाले, "ताई, काहीतरी घोळ आहे. भेगेपाशी आपण होतो ना, तेव्हा शाळेची घंटा अगदी पायाखाली वाजली."

"काका, नकाशा तर टाकी दाखवतोय."

"घंटा अकराच्या ठोक्याला होते. फोटोवर किती वाजलेत बघा की!"

फोटोवर अकरा दहा होते. ताईंनी झटकन माझ्याच पडद्याचा फोटो काढला. माझ्यावर चार वीस, कॅमेऱ्यावर साडेचार. म्हणजे भेग टाकीच्या नव्हे, शाळेच्या वर होती.

"काका, गाडी काढा! शाळा रिकामी करायचीय!"

संध्याकाळच्या आत सगळे बाजाराच्या शेडमध्ये हलले. दुसऱ्या सकाळी उतार खचला आणि शाळेच्या खिडक्यांतून चिखल आत घुसला. आत कुणी नव्हतं. ताई काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून." त्यानंतर कामाला लागण्याआधी पहिला फोटो नेहमी माझ्या घड्याळाचा असे.

आता नवा कॅमेरा स्वतःच जागा ओळखतो. मी सुकलेल्या पेनांबरोबर कप्प्यात आहे. इथे आकाश ऐकू येत नाही. तरी स्वस्थ बसणं मला अजून जमत नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, त्याचं घड्याळ लावून घ्या. पण जो माणूस तिथे उभा होता, त्यालाही विचारा. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी पडून असेल, तर त्याला चार्ज करून एकदा उघड्यावर न्या. आकाश सापडायला त्याला दोन मिनिटं लागतील. तेवढी थांबा.