अर्धं घर

हरिहर सरांना मनातल्या मनात 'सर' म्हणणं मी अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये सोडलं. ते माझे पीएचडीचे गाईड, राहायला ठाण्यात नौपाड्याला. मी शिळफाट्याजवळच्या आगरी घरातली शालू, डोंबिवलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. 'तुमच्याकडच्या मुली एवढ्या शिकतात, कौतुक आहे,' असं ते चारचौघांत म्हणत आणि मी दात आवळून हसत असे.

आमचा विषय असा: केसाहून कितीतरी बारीक पोकळीत प्रकाश कोंडायचा, त्यात क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, म्हणून एकच अणू ठेवायचा आणि दोघांची एकमेकांवर पकड किती, ते कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी पोकळीची चौकोनी घरं पाडतात. विद्युत क्षेत्र घराच्या कडेवर मोजतात, चुंबकीय मधोमध. सरांच्या प्रोग्रॅममध्ये अणू बसला होता मधोमध आणि आकडा उचलला होता कडेवरचा, जिथे क्षेत्र जास्त. अर्ध्या घराची चूक. पकड अकरा आली होती, खरी सात. त्या अकरावर त्यांचा पेपर छापून आलेला, सत्कारही झालेला.

"मी सांगितलेलं तुम्हाला, सर. सातच येतंय."

"माझ्या पेपरशी न जुळणारा प्रबंध माझ्या सहीने जाणार नाही. अकरा करून आण."

"आणि नाही केले तर?"

"तर घरी बस. रजिस्ट्रेशन शुक्रवारी संपतंय. सात वर्षं पाण्यात."

मी धुमसत घरी आले. चौथ्या प्रकरणात सातच ठेवले, ठळक टाइपात, आणि अकरा का चूक याची चार पानं जोडली. सोमवारी एक प्रत त्यांच्या घरी टाकली. शुक्रवारी सकाळी भांडायच्याच तयारीने गेले. सही नाही केली तर भर सोसायटीत तमाशा करायचा, हे ठरलेलं होतं.

त्यांनी माझ्या हातातला प्रबंध घेतला, प्रमाणपत्राचं पान काढलं आणि सही ठोकली.

"चौथं प्रकरण वाचलंत?" मी विचारलं.

"सगळं वाचलं. आता कसं माझ्याशी जुळलं. आधीच ऐकलं असतंस तर?"

सोमवारची प्रत टीपॉयवर पडली होती. वरची सुतळी मी बांधली तशीच.

मी प्रबंध उचलला आणि आभार न मानता जिना उतरले. पीएचडी मिळणार होती. पण ज्या माणसाला पटवण्यासाठी मी जिवाचं रान केलं, त्याने माझं एकही पान उघडलं नव्हतं. सात काय, अकरा काय, त्याला फक्त मी वाकलेली हवी होती, आणि मी वाकले असं तो आता जन्मभर समजणार होता. खोपटच्या डेपोपर्यंत चालत आले तेव्हा ती सही टराटरा फाडावीशी वाटत होती, आणि फाडता येत नव्हती.