मान हलता कामा नये

आमच्या तंजावूरात चांगली बाहुली ती, जी मान डोलावते. संग्राहकांच्या जगात चांगली बाहुली ती, जी मान डोलावत नाही. या दोन मतांच्या बरोबर मधे मी राहतो, राजवाड्यामागच्या गल्लीत, महालक्ष्मी अत्याबरोबर.

दिवसा मी डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना "हे बरं दिसतं का ते?" असं विचारतो. संध्याकाळी सुपरहिरोंच्या पुतळ्यांना गुण देतो. चौकातले पुतळे नव्हेत. बारा इंची, डब्यातले, ज्यांच्याशी खेळलं तर वाया जातात असे. रंग, सांधे, तोल, डबा, प्रत्येकाला दहापैकी गुण. लोक फोटो पाठवतात, मी नापास करतो. एकाने लिहिलं होतं, "प्रणवेश सर, हा मला बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला दिला." मी उत्तर दिलं, "डाव्या गुडघ्यावर रंग ओघळलाय. सहा पूर्णांक एक."

माझ्या मते नऊच्या वर जाणारा एकच पुतळा होता, माझा. नाईट हेरॉन, म्हणजे रातबगळा. हा गृहस्थ दिवसा मत्स्यखात्यात कारकून असतो आणि रात्री गुडघाभर पाण्यात एका पायावर उभा राहून चोरांची वाट बघतो. चोर पाण्यात कशाला येतील, हे त्याच्या कॉमिकच्या आठ अंकांत कुणी विचारलेलं नाही. त्याला मी नऊ पूर्णांक चार दिले होते. सहा दशांश कापले, कारण मागे काठी लावल्याशिवाय तो एका पायावर उभा राहत नसे.

चेन्नईच्या संग्राहक मंडळात परीक्षकाची एक जागा रिकामी झाली. नियम असा, की उमेदवाराने आपला सर्वांत चांगला पुतळा तपासून गुण कळवायचे, मग मंडळाचा माणूस घरी येऊन पडताळणार. मी दोनदा अर्ज केला होता, दोनदा उत्तर नाही. तिसऱ्यांदा आलं. रविवारी सकाळी दहाला सतीशकुमार येणार होते. मूळचे पापनाशमचे, आपल्याच मराठी घरातले. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाच्या केकला त्यांनी साडेपाच दिले होते, असं ऐकून होतो.

शनिवारी कामावरून आलो तर अत्या दारातच उभी. हातात काहीतरी, त्यावर पदर.

"प्रणवेशा, रागें भरू नको. आधी कॉफी पी."

"काय झालं?"

"आधी पी म्हटलें."

आमच्या घरात वाईट बातमी रिकाम्या पोटी सांगत नाहीत. मी प्यालो. मग कळलं की गुरुवारी पुसताना नाईट हेरॉनची मान तिच्या हातात आली होती. घाबरून तिने तो बोम्मैकार सुंदरकडे, म्हणजे बाहुल्या करणाऱ्याकडे, गुपचूप दुरुस्तीला दिला. दोन दिवस कपाटात नुसता डबा होता. मी दोन्ही दिवस डबा बघून समाधानाने झोपलो. परीक्षकाच्या अर्जात हे लिहिलेलं नाही.

तिने पदर बाजूला केला.

नाईट हेरॉन एका पायावर उभा होता. त्याच्या पायाशी एक हरीण बसलं होतं. पिवळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, डोळ्यांत काजळ घातलेलं. आणि नाईट हेरॉन त्याच्याकडे बघत मान डोलावत होता, जणू हरणाचं सगळं म्हणणं त्याला पटत होतं.

"अत्या, हे काय?"

"तेच मला कळेना. मी मान सांगितली, तेनं हरीण दिलें."

"चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी तिने कमरेला खोचली होती. आम्ही घरात मराठी बोलतो, लिहितो मात्र तामिळ. अत्याने लिहिलं होतं: "मान सरियाग इरुक्कणुम. असैयक्कूडादु." नीट असली पाहिजे, हलता कामा नये. वाक्य पूर्ण तामिळ, फक्त पहिला शब्द घरचा. मोडली ती मान, आणि मानेला मान नाही तर काय म्हणायचं? पण तामिळमध्ये मान म्हणजे हरीण. सुंदरने वाचलं: हरीण नीट असलं पाहिजे, हलता कामा नये.

मी हरीण ओढून पाहिलं. हललं नाही. अंगठ्याने ढकललं. माझा अंगठा हलला. मानेबद्दल मात्र चिठ्ठीत काहीच सूचना नव्हती, म्हणून ती सुंदरने आपल्या मनाने बसवली होती, त्याच्या घरात तीन पिढ्या बसवतात तशी, तारेवर डोलती.

"घेताना बघितलं नाहीस?"

"बघितलें की! तो विचारला, 'अम्मा, मान कशी आहे?' मी मानेकडे बघून म्हटलें, छान. तो हरणाकडे बघत होता." तिने पुतळ्यावर पुन्हा पदर ओढला. "तुझी नोकरी गेली की रे माझ्यापायी."

"नोकरी नाही अत्या. बिनपगारी काम आहे."

"ऐयो, बिनपगारी बी गेलें!"

सतीशकुमार बरोबर दहाला आले. पांढरे हातमोजे, भिंग, छोटी बॅटरी. मी पुतळा मेजावर ठेवला आणि पंखा लावला, ही माझी चूक.

"रंग मूळचा आहे?" त्यांनी मला विचारलं.

नाईट हेरॉनने मान डोलावली.

"सांध्यांना हात लावलेला नाही?"

नाईट हेरॉनने जोरजोरात मान डोलावली. मी पंखा बंद केला.

त्यांनी मागची काठी काढून घेतली. मी डोळे मिटले. काही पडल्याचा आवाज आला नाही. हरणाच्या वजनावर नाईट हेरॉन जन्मात पहिल्यांदा आपल्या पायावर उभा होता.

"तोल, दहा," ते नाराजीने म्हणाले. "मी कुणालाच दहा दिलेले नाहीत." मग बराच वेळ ते हरणाकडे बघत राहिले. "आठही अंक मी वाचलेत. हरीण कुठेच नाही."

"नाही, सर."

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. एका ओळीवर बोट ठेवलं: मूळ वस्तूत बदल असल्यास कोणी केला, का केला?

उत्तर मी तयार ठेवलं होतं: आधीच्या मालकाकडून असाच आला. खोटं, पण सुटसुटीत. लिहायला पेन टेकवलं आणि वर बघितलं. अत्या दारात उभी होती, सतीशकुमारांसाठीचा कॉफीचा टंबलर दोन्ही हातांत धरून. साय धरली होती. आत यायचा तिला धीर होत नव्हता, स्वतःच्या घरात.

मी सहा वर्षांचा असताना ही मला नवरात्राआधी कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्या घ्यायला न्यायची. बाहुलीच्या खांद्याला एक बोट लावून ढकलायची आणि थांबायची. "पडली तर पडू दे. उठते का बघ." मग बाहुली उलटी फिरवायची. "पाठ बघ रे. तोंड अस्केजण रंगवतात." अस्केजण म्हणजे सगळेच. रंग, सांधे, तोल, सगळं तिथलं. मी त्यात फक्त दशांश चिन्ह घातलं होतं. आणि डबा.

मी लिहिलं: "बदल: मान. कारण: मान. ज्यांच्याकडून तपासायला शिकलो, त्यांच्या हातून."

सतीशकुमारांनी ते तीनदा वाचलं. "हे काय?"

मी चिठ्ठी दिली. त्यांचे ओठ हलले, एकदा तामिळमध्ये, एकदा मराठीत. मग त्यांच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं शिंक. ते हसत होते. सवय नसावी, कारण मधेच थांबून त्यांनी चष्मा सावरला आणि काहीतरी काम करायला हवं म्हणून चिठ्ठी उलटली.

मागे पेन्सिलीने सुंदरचं अक्षर होतं. ते त्यांनी मोठ्याने मराठी करून वाचलं: "आत जुना डिंक होता. कुणीतरी आधीच मोडून चिकटवलंय, वाईट काम. खरवडून काढला. पिवळंच हरीण शिल्लक होतं, सांभाळून घ्या."

अत्या आत आली. "म्हणजे मी मोडली नाहीं?"

"नाही अक्का. मोडलेलीच आली होती." सतीशकुमारांनी भिंग मानेच्या मागे धरलं, मला बघायला लावलं. पिवळसर रेघ, केसाएवढी. "नऊ पॉइंट चार दिलेस तेव्हा पाठ बघितली होतीस?"

मी पुन्हा भिंगातून बघितलं.

"पाठ बघ म्हणून लहानपणीं शिकविलें होतें की!" अत्या म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडत होती. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

सतीशकुमारांनी बेरीज केली. "रंग आठ, सांधे शून्य, तोल दहा, डबा नऊ. सहा पूर्णांक पंचाहत्तर. पुतळा नापास." थंड कॉफी सायीसकट प्याले. मग वाकून नाईट हेरॉनलाच विचारलं, "या पोराला मंडळात घ्यायचं का?" आणि त्याच्या खांद्याला एक बोट लावलं.

तेच बोट. तंजावूर काय, पापनाशम काय, बाहुल्या घ्यायला सगळ्यांना कुणीतरी नेलेलंच असतं.

नाईट हेरॉन कलला, सावरला आणि मान डोलावू लागला. पुष्कळ वेळ डोलावत राहिला. हरीण हललं नाही.

"विरोधात कुणी नाही," असं म्हणून त्यांनी सही केली. "सहा महिने उमेदवारीवर. पण प्रत्येक पुतळा आधी या अक्का बघणार."

"नवरात्र झाल्यावर," अत्या म्हणाली.

आता माझ्या प्रत्येक अहवालाखाली दोन नावं असतात. तपासणी: प्रणवेश. पाठ: महालक्ष्मी. गुडघ्यावर रंग ओघळलेल्या त्या माणसालाही मी पुन्हा लिहिलं. गुण तेच ठेवले, पण वहिनींना नमस्कार कळवला.

सोमवारी सुंदरचे आभार मानायला गेलो. तो एका राणीच्या घागऱ्याला रंग देत होता. मी काही बोलायच्या आत त्याने काळजीने तामिळमध्ये विचारलं, "तंबी, मान हलत तर नाही ना?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.