सुकवलेल्या सेलवर ऐकलेली कॅसेट

विठ्ठलरावांनी बीडच्या एका साप्ताहिकात एकतीस वर्षं परीक्षणं लिहिली. नाटक, कीर्तन, कॅसेट, एकदा तर लग्नातली पंगतसुद्धा. एवढ्या लिखाणात चूक कबूल केल्याची ओळ मात्र एकही नाही. म्हणून ते आपणहून गेवराईला हबीबच्या गॅरेजवर आले, तेव्हा हबीबनं आधी त्यांची स्कूटर तपासली. स्कूटर ठणठणीत होती.

"मग आलात कशापायी, काका?"

"'तापला पत्रा' ऐकला. तुझ्या पोरीनं, नाजियानं नेटवर टाकलाय तो."

'तापला पत्रा' म्हणजे हबीब आणि सिदूचा एकुलता एक अल्बम, चौऱ्याण्णव सालचा. गिटार हबीबची, गळा सिदूचा, मेंढरांमागं ओरडून कमावलेला. हार्ड रॉक काय असतं हे तेव्हा जिल्ह्यात या दोघांनाच ठाऊक. विठ्ठलरावांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं: 'आजारी रेड्याचं कण्हणं.' त्या आठवड्यात सिदूनं गाणं सोडलं ते कायमचं.

"आता पुण्याची पोरं फोन करत्यात," हबीब म्हणाला. "म्हणत्यात, असं मराठीत दुसरं झालंच न्हाई."

"खरंय. काय तो आवाज! अरे, चौऱ्याण्णवला मी ऐकलं तेव्हा लाईट नव्हती. उन्हात सुकवलेले सेल घातले होते टेपमध्ये."

हबीबच्या हातातला पाना थांबला. संपलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायचे, हे घरोघरी चालायचं. दुसऱ्या गाण्याला टेप रेंगाळायची आणि गाणारा रडायला लागायचा, हेही सगळ्यांना माहीत.

"तुमाला कळलं न्हाई?"

"मला वाटलं, रॉक असंच असतं."

हबीब हसला, पण दातच दिसले. "मला सांगून काय फायदा? सिदूच्या घरी सांगा."

सिदू दोन वर्षांमागं उसाच्या फडात वारला होता. त्याची बायको कडूबाई शिरूर कासारला राहायची. दोघं तिथं गेले. हबीबनं मोबाईल ओट्यावर ठेवून गाणं लावलं. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

"कोण वरडतंय हे?" कडूबाईनं विचारलं.

"सिदू हाय, वहिनी."

गाणं संपेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही.

"अठ्ठावीस वरसं संसार केला," ती म्हणाली. "बैलालाबी हळूच हाकायचा. मी चारचौघांत मुका म्हणायचे त्याला. निस्ता हसायचा."

विठ्ठलरावांनी खिशातून माफीचा कागद काढून पुढं केला. तिनं घेतला नाही.

"मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा. गल्लीला ऐकू गेलं पायजे."

विठ्ठलराव उभे राहून वाचू लागले.

"मोठ्यानं," कडूबाई म्हणाली.