तारामतीच्या तुरीत पडलेला दगड

मी आभाळातून पडलेला दगड बोलतोय. मला देव म्हणू नका, पाया पडतो. त्या एका शब्दानं आमच्या घराचं वाटोळं झालं.

जळकोटजवळ तारामतीच्या तुरीत मी भरदुपारी आदळलो. माझं एक टोक उडालं नि पोटातले दाणे उघडे पडले, राळ्याएवढे, गोल गोल. तारामतीची लेक वर्षाराणी नांदेडला भूगर्भशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली होती. भिंगातून ते दाणे बघताना पोरगी आनंदानं रडायलाच लागली.

तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आईला तिनं सगळं समजावलं. धरती नव्हती, सूर्य नुकता पेटत होता, तेव्हा धूळ वितळून तिचे थेंब झाले नि गोठले, तेच हे दाणे. पण धूळ वितळली कशानं? कोणी म्हणतं, धुळीच्या ढगात विजा कडाडल्या. कोणी म्हणतं, त्यातून धक्क्याची लाट गेली. कोणी म्हणतं, कोवळे ग्रह एकमेकांवर आपटले नि वितळलेले शिंतोडे उडाले. यातलं खरं कोणतं, हे तिला माझ्यातून शोधायचं होतं. आता मी काय सांगणार? आपला जन्म कुणाला आठवतो का!

"दान्याचं मला ठावं न्हाई, तुझ्या जन्माचं इचार," म्हणून तारामती हसली होती.

वर्षाराणीनं मला कोरड्या डब्यात बंद केलं. पाणी लावू नको, मी सरांना घेऊन येते, असं आईला बजावून ती नांदेडला गेली आणि तिथं डेंगूनं आडवी झाली. तिचा बाप ग्यानोबा दवाखान्यात धावला. गुरांपायी तारामती एकटीच मागं राहिली. पेशी उतरल्यात असा फोन आला नि बाईचा धीरच सुटला. आपल्या रानात आलेल्या देवाला डब्यात कोंडलं, म्हणून त्यानं पोरीला धरलं, असं तिच्या मनानं घेतलं.

मग काय! बांधावरच्या लिंबाखाली मला मांडलं. आंघोळ, तेल, शेंदूर. नारळ फोडला तोही माझ्याच टाळक्यावर. रोज मला भिजवायची नि पदर पसरायची. अहो, मी कसला देव! पाणी भेगांतून आत शिरत होतं, माझ्यातलं लोखंड गंजत होतं, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

पोरगी दवाखान्यात बरी झाली. सरांना घेऊन आली. सरांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. गंज दाण्यांपर्यंत गेलाय, आता यावर भरवसा ठेवता येणार नाही, असं ते हळूच म्हणाले.

वर्षाराणीनं माझ्या गंजावरून बोट फिरवलं.

"आई, माझं सगळं गेलं."

"पर तू वाचलीस की, बाई," तारामती म्हणाली.

पोरीनं वर पाहिलं नाही. सरांच्याच गाडीत बसून गेली. पंचमीला आली नाही, दिवाळीलाही नाही. फोन ग्यानोबाला येतो, आईला नाही.

तारामतीनं माझा शेंदूर खरवडून काढला नि मला परत त्याच डब्यात ठेवलं. आता त्याचा काय उपयोग? तरी ती अधूनमधून डबा उघडते, कोरड्या फडक्यानं मला पुसते. रडू आलं की तोंड बाजूला वळवते, माझ्यावर पाणी पडू नये म्हणून.

वर्षाराणी, माझे दाणे कसे जन्मले ते मला सांगता येत नाही गं. तू कशी जन्मलीस ते सांगणारी मात्र इथं डब्यापाशी बसलीय. ती आहे तोवर ये.